ठसका, थकवा आणि गप्प झालेले अण्णा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नाशिक जिल्ह्यातील एका वाचकाचे वडील, म्हणजे अण्णा, ५८ वर्षांचे आहेत. कांद्याच्या बाजार समितीत त्यांनी जवळपास तीस वर्षे लिलाव पुकारले. तीन वर्षांपूर्वी त्यांना स्वरयंत्राचा कर्करोग झाला. रेडिएशन घेतल्यावर तो बरा झाल्यासारखा वाटला, पण पुन्हा उलटला, आणि दहा महिन्यांपूर्वी मुंबईत शस्त्रक्रिया करून त्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले. नंतर मानेवरची जखम उसवून तिच्यातून लाळ येऊ लागल्याने रुग्णालयातला मुक्काम पाच आठवड्यांवर गेला. जखम भरल्यानंतर काही महिन्यांनी आवाजासाठी व्हॉल्व्ह बसवला आणि तीन-साडेतीन महिने ते चांगले बोलू लागले होते. गेल्या दीड महिन्यापासून मात्र चहा किंवा ताक पिताना त्यांना ठसका लागतो, खोकल्याबरोबर मानेच्या छिद्रातून चहाचे थेंब येतात, आणि सकाळी रक्ताची रेघ असलेली कफाची खपली पडते. आईने धास्तीने त्यांचे पाणी कमी केले आहे आणि बोलणेही थांबवले आहे. ते दिवसभर गोधडी घेऊन पडून असतात, वजन वाढले आहे, कशातही रस उरलेला नाही. काका म्हणतात, ‘ते भोक बुजवून टाका आणि माणसाला शांत बसू द्या.’ वाचक विचारतात: ऑपरेशनला होकार देऊन आम्ही चूक केली का? तेव्हा नर्सला न विचारता चमचाभर चहा दिला, त्यानेच जखम उसवली का? पुन्हा मुंबईचा खर्च करायचा की आहे ते स्वीकारायचे? आणि मार्केटमधले लोक त्यांना बोलावतात, तर पाठवायचे का?

उत्तर:

तुमच्या पत्रात ‘अण्णा मनाने खचले आहेत’ हे वाक्य तीन वेळा आले आहे. एकदा ते तुमच्या आत्यांनी म्हटले आहे, एकदा काकांनी, आणि शेवटी तुम्ही स्वतः. अण्णांनी स्वतःबद्दल काय सांगितले, हे साडेचार पानांच्या पत्रात कुठेही नाही. हा तुमचा दोष काढण्यासाठी लिहीत नाही. ज्या घरात माणसाचा आवाज जातो, त्या घरात त्याच्या वतीने बोलण्याची सवय सगळ्यांनाच लागते. पण पत्रातली लक्षणे मी एकेक करून वाचली, तेव्हा मला त्यांत खचलेले मन कमी आणि दुरुस्त होऊ शकणाऱ्या तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी अधिक दिसल्या. त्या सगळ्यांचे एकच गाठोडे बांधले गेले आहे आणि त्यावर ‘ऑपरेशन फसले’ अशी चिठ्ठी लागली आहे. आधी ते गाठोडे सोडू या.

मी डॉक्टर नाही, हे स्पष्ट सांगते. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांबरोबर स्वयंसेवक म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे, आणि बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर बसून जे ऐकले, पाहिले, डॉक्टरांना आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना विचारून घेतले, त्याच्या आधारे लिहिते. तेव्हा माझ्या लिहिण्याने तपासणी टाळू नका. तपासणीला गेल्यावर काय विचारायचे, यासाठी ते जवळ ठेवा.

सुरुवात थकव्यापासून करते, कारण त्याचा उलगडा तुमच्या तालुक्याच्या गावीच होऊ शकतो. सतत थंडी वाजणे, अंग जड होणे, खाणे न वाढता वजन वाढणे, पोट साफ न होणे, कातडी कोरडी पडणे, हालचाल आणि विचार दोन्ही मंदावणे, उदास वाटणे: ही सगळी थायरॉइडचे संप्रेरक कमी पडल्याची लक्षणे आहेत. थायरॉइडची ग्रंथी स्वरयंत्राला अगदी चिकटून असते. शस्त्रक्रियेत तिचा काही भाग अनेकदा काढावा लागतो, आणि उरलेल्या भागाने रेडिएशन सोसलेले असते. अण्णांच्या बाबतीत दोन्ही घडले असण्याची शक्यता आहे. म्हणूनच अशा रुग्णांची टीएसएच ही रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. तुम्ही पाठवलेल्या कागदांच्या यादीत गेल्या दहा महिन्यांतला टीएसएचचा एकही अहवाल नाही. डिस्चार्ज कार्डावर तशी सूचना असेलही, पण पाच आठवडे रुग्णालयात काढून घरी परतणाऱ्या माणसांना त्या कार्डावरची बारावी ओळ लक्षात राहत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या. टीएसएच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइड कमी पडते आहे असे दिसले, तर डॉक्टर गोळी सुरू करतील. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि बहुधा कायमची असते. तिचा परिणाम चार दिवसांत दिसत नाही, काही आठवडे लागतात. त्याच वेळी कॅल्शियमही तपासायला सांगा, कारण थायरॉइडच्या मागच्या बारीक ग्रंथींना धक्का लागला असेल तर ते कमी होते. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात का, हे अण्णांना विचारा. अहवाल सामान्य आले, तरच ‘मन’ या शब्दाकडे वळू. उदासीनता अशा रुग्णांत खरोखरच असते आणि तिच्यावर उपचारही आहेत. पण थायरॉइड न तपासता माणसाला खचलेला ठरवणे म्हणजे कंदिलातले तेल न बघता वातीला दोष देणे होय.

आता ठसका. यासाठी शरीराची नवी रचना घरातल्या प्रत्येकाला नीट समजली पाहिजे, आणि तुमच्या काकांना तर नक्कीच. आपल्या सगळ्यांच्या घशात श्वासाची आणि अन्नाची वाट काही अंतर एकत्र जाते आणि स्वरयंत्र तिथे राखणदारासारखे बसलेले असते. स्वरयंत्र पूर्ण काढल्यावर या दोन वाटा कायमच्या वेगळ्या होतात. श्वासनलिकेचे वरचे टोक पुढे वळवून मानेच्या कातडीला शिवतात. ते मोठे छिद्र म्हणजे स्टोमा, आणि अण्णांचा संपूर्ण श्वास तिथूनच चालतो. नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरलेला नाही. त्यामुळे तोंडाने घेतलेला घास किंवा घोट श्वासनलिकेत जाण्याची वाटच राहत नाही, आणि नेहमीचा ठसका खरे तर अण्णांना लागायलाच नको.

तरीही लागतो, कारण एक दुसरे, अगदी लहान छिद्र डॉक्टरांनी मुद्दाम केले आहे. ते स्टोमाच्या आत, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पडद्यात आहे, आणि आवाजाचा व्हॉल्व्ह तिथे बसवलेला असतो. अण्णा बोटाने स्टोमा झाकून श्वास सोडतात, तेव्हा हवा त्या व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिथली भिंत थरथरते आणि आवाज उमटतो. व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो: हवा पलीकडे जाते, पण पलीकडचे अलीकडे येत नाही, अशी त्याची योजना असते. चहा अलीकडे येतो आहे, याचा अर्थ बहुधा एवढाच की झडप नीट मिटत नाही किंवा व्हॉल्व्हच्या कडेने फट पडली आहे. अशा व्हॉल्व्हचे आयुष्य साधारण काही महिन्यांचेच असते. पहिला व्हॉल्व्ह बसवून अण्णांना पाच महिने झाले. सायकलचा वॉशर झिजला म्हणून कोणी सायकल मोडीत काढत नाही.

गळती मधून आहे की कडेने, हे ठरवणे महत्त्वाचे, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत. मधून गळत असेल, तर झडप जुनी झालेली असते किंवा तिच्यावर कँडिडा नावाची बुरशी धरलेली असते; व्हॉल्व्ह बदलणे आणि बुरशीवरचे औषध, हा त्यावरचा मार्ग. कडेने गळत असेल, तर व्हॉल्व्हची लांबी आता बसत नसेल किंवा पडद्यातले छिद्र रुंदावले असेल. तिथे नुसता नवा व्हॉल्व्ह घालून भागत नाही, डॉक्टरांना कारण शोधावे लागते, आणि त्या कारणांत थायरॉइड कमी असणे हेही एक असू शकते, कारण त्याने पेशींची भरून येण्याची ताकद मंदावते. रुग्णालयात रंगीत पाणी पाजून टॉर्चच्या उजेडात स्टोमातून बघतात. तुम्हालाही जाण्यापूर्वी एकदा बघता येईल: अण्णांना आरशासमोर ताठ बसवा, बीट घालून लाल केलेल्या पाण्याचा एकच लहान घोट द्या, आणि थेंब कुठून उमटतो ते मोबाइलवर चित्रित करा. ते चित्रण तज्ज्ञाला आधीच पाठवले, तर योग्य मापाचा व्हॉल्व्ह तयार ठेवून तारीख देता येते आणि एक खेप वाचते.

तोपर्यंत चहा-पाण्याऐवजी पेज, दाट ताक, खीर असे दाटपणा असलेले पदार्थ त्यांना सोपे जातील. काही व्हॉल्व्हला जेवताना लावायची छोटी बुचे मिळतात. तुमच्या व्हॉल्व्हला ते आहे का, विचारा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: व्हॉल्व्ह स्वतः उपसून काढू नका आणि कोणाला काढू देऊ नका. तो आपोआप निघून पडला, तर प्रथम तो हातात किंवा अंथरुणात सापडतो का बघा. सापडला नाही, तर तो श्वासनलिकेत गेला असण्याची शक्यता धरून थेट रुग्णालय गाठा. सापडला, तरी त्याच दिवशी जा, कारण ते लहान छिद्र काही तासांत आकसू लागते आणि तोवर लाळ श्वासनलिकेत उतरत राहते.

काकांच्या ‘भोक बुजवा’ या सूचनेचेही इथेच उत्तर देते. मोठे छिद्र बुजवणे म्हणजे श्वास बंद करणे, आणि त्यांच्या मनात तसे नसणार हे उघड आहे. लहान छिद्र डॉक्टर बंद करू शकतात, आणि गळती कशानेच थांबत नसेल तर ते करतातही. पण ती शेवटची पायरी आहे. दीड महिन्याच्या ठसक्यावर ती पहिली पायरी होऊ शकत नाही. शिवाय हा निर्णय ज्याच्या मानेबद्दल आहे, त्याला कोणी विचारलेले दिसत नाही.

खर्चाची चिंता खरी आहे. परदेशी बनावटीच्या व्हॉल्व्हची किंमत हजारोंत जाते आणि तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. बंगळूरचे कर्करोग शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी नेमक्या याच अडचणीवर ‘ऑम’ नावाचा भारतीय व्हॉल्व्ह विकसित केला, आणि तो पुढे आला तेव्हा त्याची किंमत ५० रुपयांच्या आसपास ठेवली होती. तो अण्णांना चालेल का, हे त्यांच्या छिद्राच्या मापावर आणि डॉक्टरांच्या मतावर अवलंबून आहे, पण विचारायला काहीच हरकत नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाच्या खिडकीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल आणि धर्मादाय मदतीबद्दलही विचारा. ती खिडकी लोक चुकवतात, कारण तिथे गेले की मदत मागतो आहोत असे वाटते. तसे वाटू देऊ नका.

ताकाचे नाव आले म्हणून सांगते: हॉलंडमधल्या ग्रोनिंगन येथील संशोधकांनी व्हॉल्व्हवरच्या बुरशीच्या संदर्भात ताकाचा अभ्यास केलेला आहे, आणि ते उपयोगी पडू शकते असे त्यांना दिसले. तेव्हा आई ताक देत असतील तर देऊ द्या, फक्त त्याला औषधाची जागा देऊ नका.

तिसरी गोष्ट खपली आणि रक्ताची रेघ. इथे मला तुमच्या आईशी बोलायचे आहे. काकू, तुम्ही ठसक्याच्या भीतीने त्यांचे पाणी तोडले, आणि त्यामुळेच दुसरे दुखणे वाढले असावे. आपले नाक दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा गाळते, ऊबदार करते, ओली करते. अण्णांची हवा आता नाकातून जातच नाही. निफाडचा पारा कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. ती कोरडी, गार हवा सरळ श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर आदळते. त्यात शरीरात पाणी कमी, म्हणजे कफ आणखी चिकट. तो वाळून खपली बनतो, आणि खपली सुटताना खालचे अस्तर ओरबाडले जाऊन रक्ताची बारीक रेघ येते. पोट साफ न होण्यालाही पाण्याची हीच कमतरता हातभार लावत असेल. ठसका लागतो म्हणून पाणी बंद करण्यापेक्षा व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत दाट स्वरूपात का होईना, द्रव पोटात जात राहिला पाहिजे.

हवा ओली करण्याचे उपाय साधे आहेत. स्टोमावर बसणारी, हवेतला ओलावा आणि ऊब धरून ठेवणारी एचएमई नावाची छोटी टोपी मिळते. परवडत असेल तर ती सर्वांत चांगली. परवडत नसेल, तर सुती मलमलीचा दुहेरी-तिहेरी रुमाल पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, गळ्यात बिबसारखा बांधायचा आणि वाळला की पुन्हा भिजवायचा. रात्री खोलीत ओलावा ठेवणे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनचे नेब्युलायझेशन आणि त्यांनी शिकवले असेल तेवढेच सलाइनचे थेंब, यांनी कफ सुटतो. खपली दिसत असेल आणि सैल असेल, तरच बोथट चिमट्याने काढावी. आत खोल कधीही जाऊ नये. सुटा कापूस, टिश्यू पेपर, टाल्कम पावडर यांना स्टोमाजवळ थारा नको. कफ अडकून श्वास घरघरू लागला, सलाइनने आणि खोकून मोकळा झाला नाही, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. आणि त्या गोधडीचे: ती छातीपर्यंत असू द्या, गळ्यावर नको. अण्णांचे नाक आता तिथे आहे.

या सगळ्यात धोक्याचे काय, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर मी नुसता धीर देते आहे असे होईल. रेघ नव्हे तर ताजे लाल रक्त येणे, आणि ते पुन्हा पुन्हा येणे. मानेत नवी गाठ लागणे. आधी उतरणारी भाकरी आता अडकू लागणे. कानापर्यंत जाणारे आणि वाढत जाणारे दुखणे. स्टोमा स्वतःच आकसत जाऊन श्वासाला धाप लागणे. किंवा वजन विनाकारण उतरणे. यातले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. भाकरी अडकण्याचे कारण पुष्कळदा अन्ननलिकेचा वरचा भाग आकसणे एवढेच असते आणि तो रुंद करता येतो, पण तेही आत बघूनच ठरवावे लागते. मानेतून भळाभळा रक्त आले, तर ती आणीबाणी आहे: स्वच्छ कपड्याने रक्ताच्या जागी घट्ट दाब धरायचा, श्वासाचे छिद्र मोकळे ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा. अशी वेळ क्वचित येते. पहिल्या वर्षी साधारण दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी ठेवतात, ती याच गोष्टींसाठी. तुमच्या मागच्या दोन तारखा चुकल्या आहेत.

आता त्या चमचाभर चहाबद्दल. तुम्ही लिहिले आहे की हा प्रश्न तुम्ही अजून कोणालाच विचारलेला नाही. स्वरयंत्र काढल्यावर घशाचा आतला टाका सुटून लाळेने मानेच्या कातडीतून वाट काढणे, याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात, आणि या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीच्या काळात होणारी ती सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. साधारण दर दहा रुग्णांत एक ते तीन जणांना ती होते आणि आधी रेडिएशन झालेल्यांत अधिक होते, कारण त्या भागाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि टाके धरायला ऊती कमकुवत असतात. माणूस काहीही प्यायला नाही, तरी तो स्वतःची लाळ दिवसभर गिळतच असतो. तुमच्या एका चमच्याने ती जखम उसवली, असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही. सांगितलेले पथ्य पाळायला हवे होते, हे खरे. पण दहा महिने स्वतःला गुन्हेगार समजायला हवे होते, हे खरे नाही.

आणि ऑपरेशनच चुकले का? रेडिएशननंतर उलटलेल्या स्वरयंत्राच्या कर्करोगात संपूर्ण स्वरयंत्र काढणे हा बहुतेक वेळा बरे होण्याचा एकमेव खरा मार्ग उरलेला असतो. कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. दीडशे वर्षे जी शस्त्रक्रिया होत आली, तिच्या खाणाखुणा आणि तिच्या मागे लागणारी दुखणी आता चांगली ओळखीची झाली आहेत. तुमच्या पत्रातल्या एकाही तक्रारीने कोणत्याही अनुभवी तज्ज्ञाला आश्चर्य वाटणार नाही. तुम्हाला आश्चर्य वाटले, कारण तुम्हाला आधी कोणी बसवून हे सांगितले नाही, किंवा अशा दिवशी सांगितले की ऐकायला तुमचे कान जाग्यावर नव्हते.

बोलण्याविषयी. अण्णांनी बोलणे ‘सोडले’, असे तुम्ही लिहिता. त्याच पत्रात दोन पाने आधी लिहिले आहे की बोलताना खोकला येतो म्हणून आई त्यांना ‘नका बोलू, मला कळते तुम्हाला काय हवे’ असे म्हणतात. ज्या माणसाच्या पुकाऱ्यावर आख्खी ट्रॅक्टरची रांग पुढे सरकत होती, त्याला दिवसातून दहा वेळा ‘नका बोलू’ ऐकावे लागते. तुमच्या आईचे प्रेम मला दिसते, त्यांची रात्रीची जागरणेही दिसतात. पत्रात तुम्ही लिहिले आहे की त्या रात्री तीनदा उठून त्यांच्या गळ्यापाशी हाताचा पंजा धरून हवा लागते का बघतात. त्यांनाही कोणीतरी झोपू दिले पाहिजे. आठवड्यातल्या तीन रात्री तुम्ही अण्णांच्या खोलीत झोपा.

व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत आवाजाचे दुसरे मार्ग उघडे आहेत. गळ्याला किंवा गालाला लावून बोलायचे इलेक्ट्रोलॅरिंक्स नावाचे बॅटरीवरचे यंत्र असते. त्याचा आवाज यंत्रासारखा एकसुरी येतो, पण तो आज येतो. अन्ननलिकेत हवा घेऊन ती परत सोडत बोलायचे तंत्रही आहे. त्याला महिनोन्‌महिने सराव लागतो आणि सगळ्यांना ते साधत नाही, पण ज्याला साधते त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. वाचा-उपचार तज्ज्ञांकडे या दोन्हींची चौकशी करा. पाटी दिलीच असेल, तर ती हाताशी असू द्या आणि अण्णा लिहीत असताना अर्धे वाक्य बघून पुरे करू नका; खडू खाली ठेवेपर्यंत थांबा. आणखी एक, जी जवळपास प्रत्येक घरात मी पाहते: आवाज गेलेल्या माणसाशी पाहुणे मोठ्याने बोलू लागतात. अण्णांचे कान शाबूत आहेत, हे एकदा सगळ्यांना सांगून टाका.

मार्केटला पाठवायचे का, या प्रश्नात ‘पाठवायचे’ हे क्रियापद मला खटकले. पण प्रश्न महत्त्वाचा आहे. कांद्याच्या टरफलाची आणि मातीची धूळ हा खरा अडसर आहे, म्हणून लिलावाच्या ऐन गर्दीत, ट्रॅक्टरच्या रांगांमध्ये उभे राहणे तूर्त नको. पोती उचलणेही नको. आपण ओझे उचलताना नकळत श्वास रोखून छाती ताठ करतो, आणि ते कुलूप स्वरयंत्रातच होते. शिवाय मानेतल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावली असेल, तर हात खांद्याच्या वर जाताना दुखतो. तसे होत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण तो खांदा न हलवता ठेवला तर जखडतो. पण अडत्याच्या गाळ्यात, रुमाल किंवा एचएमई लावून, सकाळचा तासभर बसणे, काट्याच्या पावत्या बघणे, उन्हाळ कांद्याच्या वक्कलावर, म्हणजे ढिगावर, नुसती नजर टाकून गोल्टी (बारीक कांदा) किती निघेल हे बोटांनी दाखवणे, यासाठी आवाज लागत नाही. त्यांना जायचे आहे का, हे त्यांनी ठरवायचे. तिथे तंबाखूची चंची आजही सगळ्यांच्या खिशात असते, ही अडचण मात्र तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही जाण्याआधी बोलून घ्यावी लागेल.

तुम्ही ओझरते लिहिले आहे की कांदा साठवायच्या चाळीत सडका कांदा असूनही अण्णांना कळले नाही, आणि त्या दिवसापासून ते चाळीकडे फिरकलेले नाहीत. मला वाटते, पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. नाकातून हवा जात नाही म्हणून वास येत नाही. वासाची जाणीव मेलेली नाही, हवा तिच्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच. २००० च्या सुमारास हॉलंडमधल्या तज्ज्ञांनी यावर एक साधा व्यायाम शोधला. चारचौघांत आलेली जांभई आपण ओठ मिटून दडवतो, तशी ती दडवायची: ओठ बंद ठेवून जबडा, जीभ आणि तोंडाचा तळ खाली ओढायचा, पुन्हा पुन्हा. तोंडात पोकळी होते आणि नाकातून हवा आत खेचली जाते. वाचा-उपचार तज्ज्ञ हा व्यायाम काही बैठकांत शिकवू शकतात. घरी सराव करताना आधी कॉफी, मग लसूण, मग कांदा असा क्रम ठेवा. तो साधेपर्यंत, आणि साधल्यावरही, गॅसच्या गळतीचा वास अण्णांना येईल असे धरून चालू नका. रात्री सिलिंडरचा कॉक बंद करण्याचे काम दुसऱ्याने घ्यावे.

दोन कामे तुमच्या नावावर लिहून ठेवते. पहिले: अण्णांच्या खिशात जाड अक्षरांत लिहिलेले कार्ड ठेवा, ‘मी मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतो. ऑक्सिजन मानेवर द्या.’ गावच्या डॉक्टरांनाही हे आधी सांगून ठेवा, कारण घाईत नाकावर मास्क लावला जातो आणि त्याने काहीच होत नाही. अण्णांच्या मोबाइलमध्ये ११२ इंडिया हे ॲप टाकून द्या, म्हणजे न बोलता मदत मागता येईल. दुसरे: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात स्वरयंत्र काढलेल्या व्यक्तींचा स्पष्ट उल्लेख आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली की प्रमाणपत्र आणि युडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते, आणि पुढच्या सवलतींसाठी तोच आधार लागतो. बऱ्याच कुटुंबांना हे ठाऊकच नसते.

आईंनी सिंहस्थात गोदावरीचे स्नान घडवायचे बोलून दाखवले आहे. डुबकी नाही, कमरेएवढ्या पाण्यातही नाही. पाणी स्टोमातून थेट फुप्फुसात जाते. काठावर पाटावर बसवून, गळ्याला आडोसा धरून, खांद्याखाली तांब्याने पाणी घाला. घरच्या आंघोळीलाही हाच नियम.

मुंबईला जाल तेव्हा टीएसएचचा अहवाल, बीटाच्या पाण्याचे चित्रण आणि चुकलेल्या तारखांचे कार्ड बरोबर ठेवा. डॉक्टरांच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर अण्णांना बसवा, तुम्ही आणि आई मागच्या बाकावर बसा. डॉक्टर ‘काय त्रास होतोय?’ असे विचारतील तेव्हा तुमच्या तोंडात उत्तर तयार असेल. ते तिथेच राहू द्या. अण्णा बोट गळ्याशी नेतील, खोकतील, कदाचित पाटी मागतील, आणि मागे रांग असल्याने तो अर्धा मिनिट फार लांब वाटेल. मला लिहाल तेव्हा त्यांनी तिथे काय सांगितले, ते कळवा.